वर्ध्याची बाराखडी

वर्ध्यात असताना गांधीजींचे सहकारी काका कालेलकर दोन समित्यांवर होते. एक समिती अक्षरं कशी असावीत हे ठरवणारी, दुसरी शाळा कशी असावी हे ठरवणारी. माझी सगळी नोकरी या दोन समित्यांच्या मधल्या जागेत गेली असं मी गमतीने म्हणते, पण त्यात गंमत थोडीच आहे. १९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरलं. तिथे नागरी लिपी सुधारायची समिती नेमली आणि तिचं काम काकांच्या गळ्यात पडलं. पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात शिक्षण परिषद झाली, तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती निघाली. तिच्यात विनोबा, कुमारप्पा, किशोरलाल मशरूवाला, श्रीकृष्णदास जाजू, आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य, आणि पुन्हा काका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आता सेलू तालुक्यातल्या एका गावचं ‘ड’ वर्गाचं वाचनालय सांभाळते. वडील वर्ध्यात एका छापखान्यात जुळारी होते. त्यामुळे घरात शिशाचे खिळे पाहिले, शाळेत टकळी फिरवली आणि आता टेबलावर मोबाईल असतो. शिक्षकांच्या आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात हल्ली ‘तंत्रज्ञान आणि साक्षरता’ असा एक तास ठेवतात. त्या तासाचा इतिहास २०१७ साली सुरू होतो, म्हणजे दीक्षा ॲप आलं तेव्हापासून. मागच्या बाकावर बसून मला दर वेळी वाटतं, बाबांनो, हा तास आपल्या जिल्ह्यात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. आणि तो आजच्यापेक्षा जास्त भांडून झालाय.

आधी शाळेचं सांगते. झाकीर हुसेन समितीचा अहवाल २ डिसेंबर १९३७ चा. शाळा साडेपाच तासांची. त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योग. मातृभाषेला चाळीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस. समाज आणि विज्ञान मिळून तीस, कवायत दहा आणि मधली सुट्टी दहा. मधली सुट्टी दहा मिनिटं! पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला कोणी विचारलं असतं तर हा आकडा छापलाच गेला नसता. पण मुख्य गोष्ट अशी की अक्षरांना घाई नव्हती. अक्षरओळख म्हणजे शिक्षण नव्हे, आधी हाताला काम आणि डोळ्याला चित्र, मग वाचन, आणि लिहिणं त्याच्याही मागून, असा गांधीजींचा क्रम होता.

टकळी आज मुलांना दाखवावी लागते. एक काडी, टोकाशी आकडा, खाली चकती. पितळेची असली तर छान, नाहीतर बांबूची काडी आणि खापराची घासून गोल केलेली चकतीही चालते. पेळूचं टोक आकड्याला अडकवायचं, बोटांनी फिरकी द्यायची आणि टकळी खाली सोडायची. पीळ वर चढत येतो, त्या बेताने पेळू चिमटीतून सुटू द्यायचा. घाई केली की तुटतं, रेंगाळलं की गाठी पडतात. चार फुटांचा एक तार, एकशे साठ तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे गुंडीला सहाशे चाळीस तार, अडीच हजार फुटांच्या थोडं वर. आमच्या गुरुजींनी चारचा, सोळाचा आणि चौसष्टचा हिशेब असाच घोकून घेतला; पाढा पाठ नसेल तर गुंडीत तार कमी निघायचे आणि ते सगळ्यांसमोर मोजले जायचे. मग कापूस कुठल्या जमिनीत पिकतो, हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेच्या बाजारात कसं होतं, पेळू पावशेर असेल तर सूत किती आणि मजुरी किती, असं एकातून एक निघत जायचं. त्याला ते ‘समवाय’ म्हणत. शब्द जड आहे. करायला मात्र त्याहून जड होता, कारण त्याला विषय पक्का येणारा शिक्षक लागतो, आणि तसे शिक्षक तेव्हाही पोत्याने मिळत नव्हते. म्हणून १९३८ साली वर्ध्यातच शिक्षक तयार करायची शाळा काढावी लागली, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला. संघाचं ‘नई तालीम’ मासिक पोस्टाने गावोगावच्या शाळांत जायचं. अमुक इयत्तेला अमुक उद्योगातून काय शिकवावं, कुठे काय जमलं, कुठे फसलं, हे त्यात यायचं. खेड्यातल्या एकट्या शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाचा अनुभव कळायचा एवढाच एक रस्ता होता.

या योजनेचे भक्त आमच्या भागात बरेच, म्हणून दुसरी बाजूही लिहून ठेवते. माझी आजी म्हणायची, सूत काढायला शाळा कशाले पायजे, ते त घरीच होते. ती निरक्षर होती आणि तिचं बरोबर होतं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातकामच होतं आणि अक्षराला शिवू दिलं नव्हतं, त्यांना शाळेकडून अक्षर हवं होतं. तिथेही पहिल्यांदा हातकामच पुढे आलं तर माणूस साशंक होणारच. आंबेडकरी वस्त्यांतल्या पालकांना टकळीपेक्षा पाटी जास्त प्यारी होती आणि इंग्रजीची पाटी त्याहून प्यारी. सेवाग्रामात बसून हे नेहमी दिसत नसे.

साक्षरतेची बाकीची हत्यारं वर्ध्यातल्याच मगनवाडीत तयार होत होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पा त्याचे सूत्रधार. हातकागद, बोरू, गावात बनेल अशी शाई, हे सगळं तिथे चाललं होतं. मला त्यातला ‘मगनदीप’ सगळ्यात आवडतो. प्रौढांचे वर्ग रात्रीच भरणार, दिवसा माणसं वावरात. रात्री वाचायचं तर कंदील हवा, कंदिलाला रॉकेल हवं, आणि रॉकेलचा पैसा गावाबाहेर जाणार. म्हणून वनस्पती तेलावर जळणारा हा दिवा काढला. कुमारप्पांचा हिशेब असा की तेलघाणी गावात, तेलबी गावात, मग उजेडही गावातलाच असावा. पुढे रॉकेल स्वस्त झालं, मग वीज आली आणि मगनदीप वस्तुसंग्रहालयाची गोष्ट झाला. तो हरला हे खरंच. पण वाचायला लागणाऱ्या वस्तूची किंमत कोण देतं आणि ती बिघडली तर कोण दुरुस्त करतं, हे विचारायची सवय या दिव्याने लावली होती. प्रशिक्षणात टॅबलेट वाटतात तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमच्या शाळेतल्या टॅबलेटची बॅटरी फुगली तेव्हा तो कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात.

आता काकांची ती अक्षरांची समिती.

तिच्यातून निघालेली सगळ्यात गाजलेली सूचना म्हणजे ‘अ’ची बाराखडी. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही अक्षरं सोडून द्यायची आणि ‘अ’लाच मात्रा लावायच्या: अि, अी, अु, अू, अे, अै. तर्क सरळ होता. आ, ओ, औ हे आधीपासून ‘अ’वरच उभे आहेत, मग बाकीच्यांनी काय पाप केलंय? पोराला ‘क’ची बाराखडी आली की ‘अ’ची आपोआप आली, सहा अक्षरं वेगळी घोकायची गरज नाही. काका साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे, पण लेखक म्हणून गुजरातीत रमलेले. गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. गुजराती लिपीत ‘ए’ आणि ‘ऐ’ ‘अ’लाच मात्रा देऊन लिहितात. रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या लिपीनेच त्यांना धीर दिला असावा, असा माझा तर्क आहे.

गंमत अशी की त्याच सुमारास रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकरही हीच ‘अ’ची बाराखडी सांगत होते, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या पानांवर ती दिसू लागली होती. गांधींच्या आणि सावरकरांच्या माणसांचं एकमत झालेली गोष्ट शोधायला निघालात तर ही घ्या. दोघांच्या डोक्यात मूल होतंच, पण त्याहून जास्त यंत्र होतं. १९३३ साली हरी गोविल यांनी न्यूयॉर्कमध्ये लायनोटाइपसाठी नागरी बसवली होती. टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्याच. रोमन लिपी सव्वीस अक्षरांत भागते, नागरीला मात्र खिळ्यांचं जंगल लागतं. म्हणून यंत्रयुगात टिकायचं तर नागरीने अंग चोरावं, असं तेव्हाच्या शहाण्या माणसांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

१९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली आणि तिची पाठ्यपुस्तकं या सुधारलेल्या लिपीत छापली जाऊ लागली. परिचय, कोविद, रत्न अशा परीक्षांमधून देशभरची मुलं ‘अिस’, ‘अुस’ आणि ‘अेक’ वाचत होती. माझे वडील छापखान्यात लागले ते याच दिवसांत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसवर, आणि नजर मजकुरावर. खिळ्याची खाच अंगठ्याला लागली की अक्षर सुलट आहे हे न बघता कळतं. ओळ उलटी वाचायची, शेवटी जागा उरली तर पातळ पत्र्या घालून ती आवळायची, मग गॅलीवर सरकवायची. ‘अ’च्या बाराखडीबद्दल त्यांचं मत कोणत्याही ग्रंथात नाही, म्हणून इथे देते. ते म्हणायचे, केसमधली सहा घरं रिकामी झाली, बरं झालं. पण खरा पसारा जोडाक्षरांचा. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, द्य, ह्म, रफार, रकार. त्याला कोणी हात लावला नाही. घर झाडायचं म्हणून उंबरा तेवढा पुसला.

लिपीवरून त्या काळात भांडणंही झाली, आणि ती छापखान्यापेक्षा मोठी होती. मुलांनी नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिपी शिकाव्यात, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यातून १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्थानी प्रचार सभा वेगळी उभी राहिली, आणि १९४५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. एका गावात दोन संस्था, दोन्ही राष्ट्रभाषेच्या, आणि मध्ये लिपीची भिंत. फाळणीनंतर दुसऱ्या लिपीचा प्रश्न वर्ध्यात कोणी फारसा काढला नाही.

पवनारला विनोबांनी तो धागा वेगळ्या टोकाने धरला. त्यांची ‘लोकनागरी’ म्हणजे सुधारलेली नागरी, आणि भारतातल्या सगळ्या भाषा आपापल्या लिपीसोबत नागरीतही लिहिल्या जाव्यात हा आग्रह. ‘अमुकऐवजी’ नाही, ‘सोबत’. १९७५ साली नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं, तेही वर्ध्याच्या समितीनेच भरवलेलं. त्या वर्षी नागरी लिपी परिषद निघाली ती विनोबांच्याच प्रेरणेने. धाम नदीकाठच्या ब्रह्मविद्या मंदिरात बहिणी स्वतः खिळे जुळवून छापत. वडील एकदा तिथलं काम पाहून आले आणि बायका इतकं स्वच्छ जुळवतात याचं त्यांना महिनाभर नवल वाटत होतं. आईने त्यावर काय म्हटलं ते लिहीत नाही.

सरकारनेही प्रयत्न करून पाहिले. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे काढायचं ठरवलं. यंत्राला मागे वळावं लागू नये म्हणून अख्ख्या देशाने वेलांटी उलटीकडे द्यायची! लोकांनी ती दिली नाही, आणि १९५७ मध्ये ठराव मागे घ्यावा लागला. ‘अ’ची बाराखडीही हळूहळू ओसरली. साठच्या दशकात मी शाळेत गेले तेव्हा पाटीवर इ, ई, उ, ऊच होते. वडील मात्र शेवटपर्यंत पत्रात ‘अुद्या येतो’ असंच लिहीत.

मग टंकलेखनाचे वर्ग आले. जीसीसीची तीस शब्दांची परीक्षा पास झाली की मुलीचं लग्न आणि मुलाची नोकरी जमते, असा तो काळ. रेमिंग्टनच्या कळपाटावर अर्धी अक्षरं असत आणि काना मारला की ती पुरी होत. अर्धा ‘ग’ आणि काना मिळून पुरा ‘ग’. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग ‘क’, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. १९८६ साली इन्स्क्रिप्ट कळपाट ठरला आणि हा क्रम उलटला. जसं बोलता तसं टंका: आधी ‘क’, मग वेलांटी. आणि बघा, वेलांटी दोन्ही कळपाटांवर इंग्रजी ‘एफ’च्याच कळीवर. बोट तेच, क्रम तेवढा बदलला. ज्यांनी रेमिंग्टनवर बोटं घडवली होती त्यांना हा क्रम बदलताना रडू आलं. वेलांटी कुठे काढायची हे मात्र आता यंत्र स्वतः बघू लागलं. लखनौच्या परिषदेने देशाला वळवायचा घाट घातला होता, इथे यंत्रच वळलं. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी आली. त्याच दशकात पुण्याच्या सी-डॅकमध्ये यंत्रावर नागरीचं काम जोरात होतं. पुढे र. कृ. जोशींनी ‘मंगल’ हा टंक केला, तो विंडोज २००० पासून संगणकासोबतच मिळू लागला. जोडाक्षरांचं जे जंगल वडिलांना केसमध्ये सांभाळावं लागे, ते या टंकाच्या पोटात गेलं. नागरीला अंग चोरावं लागलं नाही.

एवढं झाल्यावर शिक्षकांच्या हाती खरंच खजिना लागला. बालभारतीची पुस्तकं घरबसल्या उतरवता येतात, त्यातल्या क्यूआर कोडवरून दीक्षातले पाठ उघडतात. मराठी विश्वकोश उघडा, मराठी विकिस्रोत उघडा. साबरमती आश्रमाचं गांधी हेरिटेज पोर्टल २०१३ पासून आहे. ‘हरिजन’चे १९३७ चे अंक पाहायला आता सेवाग्रामच्या कपाटाची किल्ली मागावी लागत नाही. वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ साली सुरू झालं, आणि त्याचं ‘हिंदी समय’ हे संकेतस्थळ हिंदी साहित्य कोणालाही फुकट वाचायला देतं. हे सगळं मी वापरते आणि मुलांना वापरायला लावते. ‘नई तालीम’चा अंक पोस्टाने यायचा आणि हातोहात फिरून फाटायचा, त्यापुढे ही चैनच आहे. फरक एवढाच की त्या मासिकात खेड्यातला मास्तर पत्र लिहू शकत होता. क्यूआर कोडला उलट काही सांगता येत नाही.

आणि या खजिन्यात एक भोक आहे, तेही वर्ध्याच्याच बाराखडीने पाडलेलं. वाचनालयातलं चाळीसच्या दशकातलं एक पुस्तक नववीतल्या मुलाने हातात घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, हे तर चुकीचं छापलंय, ‘अितिहास’!” मी म्हटलं, “चुकलेलं नाही रे, तुझ्या पणजोबांच्या वेळचं आहे.” त्याने लगेच मोबाईलवर शोधून बघितलं, कारण मॅडमचं खरं धरायचं नाही असा नियमच आहे. मलाही मग चाळा लागला. माणसाला ‘अितिहास’ आणि ‘इतिहास’ एकच वाटतात. यंत्राला ‘इ’ हे एक चिन्ह आणि ‘अि’ ही दोन. ‘अ’ वेगळा, वेलांटी वेगळी. युनिकोड त्यांना एक मानत नाही. म्हणजे त्या वीस-पंचवीस वर्षांत वर्ध्यात छापलेली पुस्तकं अक्षर न् अक्षर जशीच्या तशी संगणकावर चढवली, तर ‘इतिहास’, ‘उद्योग’, ‘एकता’ असे शब्द टाकणाऱ्या मुलाला ती दिसणारच नाहीत. शिकणाऱ्याला सोपं जावं म्हणून केलेली सुधारणाच आज शिकणाऱ्याच्या आड येते.

हा प्रकार फक्त जुन्या पुस्तकांचाच आहे असंही समजू नका. इंग्रजी शब्दांतल्या, म्हणजे ‘ॲप’मधल्या, त्या वाकड्या उच्चारासाठी आपण ‘ऍ’, ‘अॅ’ आणि ‘ॲ’ असे तीन प्रकार लिहिले. युनिकोडमध्ये ‘ॲ’ २००८ साली आला, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तो वर्णमालेत बसला. बघा, ‘अ’वर चंद्र. काकांच्या बाराखडीच्या रीतीचं एक अक्षर शेवटी सरकारमान्य झालं, तेही इंग्रजीच्या गरजेपोटी. पण त्याआधीची कागदपत्रं बाकीच्या दोन प्रकारांत आहेतच. त्याहून वाईट गत जुन्या फॉन्टांत टंकलेल्या मजकुराची. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर सगळं रोमन अक्षरांचं कडबोळं. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी शाळांच्या स्मरणिका अशा पडून आहेत, कागद शाबूत आणि फाईल मुकी.

ग्रंथपालाला यावर करता येण्यासारखं फार थोडं आहे, आणि त्यातलं मी करते. वाचनालयाची यादी संगणकावर घालताना शीर्षकाला दोन रकाने ठेवलेत. पहिल्यात मुखपृष्ठावर जसं छापलंय तसं, दुसऱ्यात आजच्या लिपीत. ‘अुत्सव’च्या शेजारी ‘उत्सव’. मूळ बदलायचं नाही, जोडीला दुसरं द्यायचं. ‘ॲ’च्या शब्दांना तिसरा रकाना लागतो. गांधीजींचं लेखन २००९ पासून स्वामित्वहक्कातून मोकळं आहे, त्यामुळे त्याची वर्ध्याच्या लिपीतली जुनी छापील पुस्तकं आजही बिनधास्त चढवता येतात, फक्त चढवणाऱ्याने हा दुसरा रकाना ठेवायला हवा. काका १९८१ साली गेले, विनोबा १९८२ साली. साठ वर्षांचा नियम धरला तर काकांची पुस्तकं १ जानेवारी २०४२ ला मोकळी होतील आणि विनोबांची त्याच्या पुढच्या वर्षी. ती चढवताना कोणी तरी उत्साहाने सगळे ‘अि’ एका फटक्यात ‘इ’ करून टाकील, याची मला आत्ताच धास्ती वाटते. त्यामुळे यादीच्या पहिल्या पानावर लिपीबद्दल चार ओळींची टीप घातली आहे, आणि तालुक्यातल्या बाकीच्या वाचनालयांनाही तिची प्रत पाठवली आहे.